दोरी कमी पडली

शंकरपटाच्या दिवशी केशवरावांच्या घरी किती माणसं जेवतील, याचा अंदाज आजवर कोणालाही बरोबर बांधता आला नव्हता. त्या सकाळी चहाचा तिसरा गंज चुलीवरून उतरला, तरी अंगणातल्या निम्म्या पाहुण्यांच्या हातात कप नव्हता. सानगडीचे साडू आले होते, जवाहरनगरच्या क्वार्टरमधले थोरल्या मुलाचे, अंकुशचे, शेजारी आले होते, आणि गोंदियाकडचे ते नातेवाईकही, ज्यांना जिल्हा वेगळा झाल्यापासून ‘परजिल्ह्यातले पाहुणे’ म्हणण्याची संधी केशवरावांच्या पत्नी धुरपताबाई एकाही पटाला सोडत नसत. बैलजोड्यांची शर्यत दुपारी होती. पण आसगावात पट म्हणजे नुसती शर्यत नव्हे. सोयरिकी त्याच दिवशी जुळत, आणि पुष्कळदा त्याच दिवशी मोडतही.

थोरली सून सरिता कप विसळत होती. भंडाऱ्याच्या शाळेत ती भौतिकशास्त्र शिकवत असे आणि गर्दीतही निरीक्षण करण्याची तिची खोड जात नसे. धाकट्या जावेचे केस सलग तिसऱ्या दिवशी घरात सर्वांच्या आधी ओले झालेले होते, हे तिने पाहून ठेवलं होतं. त्याचा अर्थ मात्र अजून लावला नव्हता.

पटासाठी नवऱ्याबरोबर जपानहून आलेली धाकटी जाऊ पाट्यावर लाखोळीच्या वड्यांची डाळ वाटत होती. तिचं नाव कानाए. धुरपताबाईंनी पहिल्याच महिन्यात त्याचं कनाबाई करून टाकलं होतं. मूळ नाव म्हणता येत नव्हतं म्हणून नव्हे, तर बाई लावल्याशिवाय सून घरची वाटत नाही म्हणून. केशवरावांना मात्र या सुनेबद्दल सुरुवातीला एक तात्त्विक निराशा पचवावी लागली होती. सून जपानची, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांची बौद्ध, असा त्यांचा हिशेब. लग्नाआधी त्यांनी विचारलं होतं, तुमच्या घरी सकाळी कोणती वंदना म्हणतात? तिने प्रामाणिकपणे सांगितलं होतं की घरचे लोक विहारात जातात ते कोणी वारलं तरच. त्यानंतर दोन दिवस केशवराव कोणाशी बोलले नव्हते.

“केशवराव, घडी खिशातच राहू द्या. आज पट होत नाही.”

कृष्णराव फाटकातूनच बोलत आत आले. गावातली सर्वांत नावाजलेली जोडी, सोन्या आणि बादल, यांचे ते मालक. केशवराव आणि ते एकाच वर्गात शिकले. एक शेतीत राहिला, दुसरा आयुध निर्माणीत गेला आणि पेन्शन घेऊन परतला. कारखान्यात तपासणी विभागात आयुष्य काढल्यामुळे पटाची घडी, म्हणजे वेळ मोजायचं घड्याळ, केशवरावांच्या हाती असे. त्यांच्या अंगठ्यावर अख्ख्या तालुक्याचा विश्वास होता.

“काहून गा, काय झालं?”

“शर्यतीच्या पट्टीवर खिळे पेरले कोणीतरी. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बारीक बारीक छिद्रं. माह्या जोडीचे पाय मोडाचा बेत आहे.”

“खिळे सापडले?”

“खिळे नाही, छिद्रं. खिळे काढून नेले.”

“पेरले कायले अन् काढून नेले कायले?” केशवरावांमधला तपासनीस जागा झाला.

“ऐकून तर घ्या. पायाचे ठसे आहेत तिथं. पण टाच नाही त्या पायाले. निसता पुढचा पंजा. आणि एका पायापासून दुसरा पाय इतका दूर.” कृष्णरावांनी दोन्ही हात फाकवले आणि तेही पुरेनात म्हणून एक पाऊल मागे सरकले. “माणसाची ढांग अशी असते काय? आमच्या ईश्वरनं डोळ्यानं पाह्यलं आज. पहाटी बैलाले पाणी दाखवाले गेला तर पट्टीच्या तोंडाशी काळ्या कपड्यातली बाई. कमरेतून वाकून मातीले नमस्कार करून राहिली होती. तो घाबरून पळाला.”

अंगणात कुजबुज झाली. सानगडीच्या साडूंनी कप खाली ठेवला आणि चेटकिणीला टाच नसते, हे आपल्या आजीने सांगितल्याचं जाहीर केलं. साडूंच्या आजीला ही माहिती कुठून मिळाली, ते कोणी विचारलं नाही.

“आणि बाई कोण ते सांगाची गरज नाही,” कृष्णराव म्हणाले. “पट्टीच्या बाजूले झोपडी कोणाची आहे? विमलाबाईची. मांगच्या साली माह्या सोन्याकडे पाहून बोलली होती का, पाय सांभाळजो याचा. आठ दिवसांत सोन्या लंगडला. आज पोट्टे जमून राहिले तिच्या दारात. मी किती वेळ थांबवू त्याईले?”

पाट्यावरचा वरवंटा थांबला होता. सरिताने वळून पाहिलं. कानाएचे हात डाळीत होते आणि नजर नवऱ्याकडे. नवरा, म्हणजे केशवरावांचा धाकटा मुलगा धर्मेंद्र, घाईने उठला आणि पाहुण्यांच्या गाड्या कुठे लावायच्या ते पाहतो, असं म्हणून नेमका उलट दिशेला, घराच्या मागच्या खोलीकडे गेला. ओल्या केसांचा अर्थ सरिताला त्या क्षणी लागला.

ती मागोमाग गेली. कानाए हात न धुताच आली.

“ताई, ते खिळे नाही. माझे शूज.”

खाटेखालच्या बॅगेतून तिने ते काढून दाखवले. पोपटी रंगाचे, तळहातावर मावतील इतके हलके. तळव्याच्या पुढच्या भागात बारीक धातूचे दात, टाचेकडे काही नाही. वेगात धावणाऱ्याची टाच जमिनीला लागत नाही, हे सरिता ऐकून होती. साडूंच्या आजीच्या सिद्धान्ताला असा भौतिक आधार मिळेल, असं मात्र तिला वाटलं नव्हतं.

“तीन दिवस धावून राहिली मी. पट्टी खूप छान होती. सरळ. पाणी मारलेली, दाबलेली. मले वाटलं, बैलासाठी इतकं करतात तर थोडं मीपण...” कानाएची मराठी धुरपताबाईंच्या फोनवर घडली होती, तिचं व्याकरण परकं असलं तरी पाणी चुलबंद नदीच्या काठचं होतं. “दोन दिवस ट्रॅक्टरवाल्या पिंट्याचा रोलर फिरला, ठसे गेले. आज नाही फिरला.”

“आणि नमस्कार?”

“धावायच्या आधी मैदानाले करतो आम्ही. लहानपणापासून.”

धर्मेंद्रने दार लोटलं. “वहिनी, तुम्ही काही बोलू नका. ट्रॅक्टरवाल्याले सांगतो, रोलर फिरला का पट्टी सारखी होते. जेवणं झाल्यावर लोक विसरून जातात.”

“आणि विमलाबाई?”

“तिले कोण काय करते?”

असा आळ आलेल्या बायकांचं गावोगाव काय होतं, ते सरिता वर्तमानपत्रात वाचत आली होती. धर्मेंद्रही वाचत असणार. तिने उलट विचारलं, “पण कानाए, तू तर धावणं सोडलं होतंस ना?”

कानाएने पुन्हा नवऱ्याकडे पाहिलं, आणि या वेळी नजर बराच वेळ काढली नाही.

घरात सर्वांना ठाऊक असलेली हकीकत अशी होती. ती उत्तर जपानातल्या एका बर्फाळ गावची. तिथे हिवाळ्यात मैदान दिसतच नाही, म्हणून शाळेच्या लांब व्हरांड्यात ती धावायला शिकली. पोरं वर्गात बसलेली आणि ही दारांसमोरून सूं करून जाणारी. पुढे एका यंत्रांच्या कंपनीने तिला आपल्या संघात घेतलं. सकाळी कार्यालयात टपाल वाटायचं, दुपारी शंभर आणि दोनशे मीटर धावायचं. धर्मेंद्र त्याच कंपनीत अभियंता होता आणि संघाला जोर द्यायला कर्मचाऱ्यांच्या गॅलरीत ढोल वाजवायला त्याला बसवलं होतं. ठेका त्याला आला नाही, पण लग्न जमलं. तिच्या देशाच्या राष्ट्रीय स्पर्धेत ती दोनदा दुसरी आली, दोन्ही वेळा छातीभराच्या फरकाने. दुसऱ्या खेपेची शर्यत अंकुशच्या कॉम्प्युटरवर सगळ्या घराने पाहिली होती. दुसरी आली म्हटल्यावर टाळ्या झाल्या, आणि त्या ओसरल्यावर धुरपताबाईंनी शांतपणे विचारलं होतं, “मग पहिली कोण?” त्यानंतरच्या वर्षी रिलेमध्ये कांडी हातात घेताना तिच्या डाव्या टाचेची शीर तुटली. कंपनीने सन्मानाने निरोप दिला. धर्मेंद्रने आईला कळवलं की पळणं संपलं, आता घर-संसार. आणि धुरपताबाईंनी नातवंडासाठी जुन्या लुगड्यांच्या दोन गोधड्या शिवून ठेवल्या. घराच्या दृष्टीने एका खेळाडूची कारकीर्द तिथे संपली होती.

“जूनमध्ये राष्ट्रीय स्पर्धा आहे,” कानाए म्हणाली. “एकदा धावायचं आहे. फक्त एकदा. हरली तरी चालते. शीर जुळली, डॉक्टर म्हणतात पूर्ण बरी. पण पाय भितो, ताई. वेग आला का तो आपोआप मागे ओढतो. एक वर्ष झालं, एकदापण पूर्ण धावली नाही मी. असाच भीत राहिला तर जूनमध्ये जाऊन काय उपयोग?”

“आणि हे घरात कोणाला सांगितलं नाहीस?”

“मी म्हणली सांगू. ते म्हणले, नंतर.”

‘ते’ खिडकीबाहेर पाहत होते.

“धर्मेंद्र.” दारात धुरपताबाई उभ्या होत्या. कधीपासून, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. “तू मले फोनवर काय सांगितलं होतं?”

“आई, तू दर आठवड्याले विचारत होती ना. मग मी...”

“मी विचारलं, ते आईचं काम आहे. विचारणाऱ्याचं तोंड बंद कराले तू तिचे पाय बांधून टाकले?”

धर्मेंद्र पुन्हा खिडकीकडे वळला. आजवर या घरात दोन फळ्या होत्या: नातवंड हवं असलेल्या धुरपताबाई आणि त्यांचा आज्ञाधारक मुलगा एकीकडे, बाकीचे गप्प दुसरीकडे. त्या क्षणी पहिली फळी मधोमध फुटली. सरिताने याआधी सासूला धाकट्या मुलावर आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. थोरल्यावर मात्र नियमित ऐकलं होतं.

“जूनचं नंतर पाहू,” धुरपताबाई म्हणाल्या. “मी होही म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. आधी विमलेले सोडवा. कनाबाई, तू येतेस?”

“मी येते. मीच सांगते.”

ती उठली आणि बॅगेतून काळी चड्डी आणि बनियन काढून सासूपुढे धरलं. “आई, लोक आहेत. हे कपडे चालतात?”

धुरपताबाईंनी ते उलटसुलट करून पाहिलं. “बैल तर काहीच घालत नाही. घाल.”

धानाच्या आठ-दहा बांध्यांमधले धुरे फोडून, खाचरं सलग करून पट्टी तयार केली होती. दोन्ही बाजूंना लाखोळीचं हिरवं पीक, त्यापलीकडे छकडे, बैल, तणसाच्या भाऱ्यांवर बसलेली माणसं. झेंड्यांच्या मांडवात पटाचा पुकारा करणारा परसराम माईक तपासत होता. पण गर्दीचा गोळा मांडवापाशी नव्हता, झोपडीपाशी होता. विमलाबाई दारात उभी होती, हातात खराटा. तिने तो उगारला नव्हता, पण खालीही ठेवला नव्हता.

कानाए गर्दीतून सरळ गेली. लोक बाजूला झाले, थोडे तिच्या कपड्यांमुळे.

“ठसे माझे आहेत,” ती म्हणाली. “पट्टी खराब झाली. माफ करा.”

कृष्णराव हसले, आणि ते हसणं वाईट नव्हतं. तेच अवघड होतं.

“केशवराव, तुमच्या घराचं मन मोठं आहे. विमला तुमच्या समाजाची, तिच्यावरचा आळ तुम्ही सुनेवर घेऊन राहिले. पण असं नका करू. ही एवढीशी पोरगी. इतकी ढांग हिची?”

“माझीच,” कानाए म्हणाली.

“बाई, माह्या सोन्याची ढांग मले माहीत आहे. माणसाचीपण माहीत आहे.”

केशवराव सुनेकडे पाहत होते. ती अजून धावते हे त्यांना आत्ता, भर गर्दीत समजत होतं, आणि त्यांच्या हातात नेहमीची घडी होती. त्यांची अडचण सरिताला दिसली: खरं म्हणावं तर घरच्या माणसाने पट बिघडवला, खोटं म्हणावं तर विमलाबाई अडकते. पण ते तिथेच उभे राहून म्हणाले, “माही सून खोटं बोलत नाही.”

“तुमचा शब्द मले मान्य आहे,” कृष्णराव म्हणाले. “पण त्याईले?” त्यांनी पोरांकडे बोट केलं.

“शब्द कोणाचाच नको,” सरिता पुढे झाली. शाळेतला आवाज तिने आपोआप लावला. “मोजून पाहू. काका, तुमच्या छकड्यावरची नायलॉनची दोरी द्या. सकाळचे ठसे जसेच्या तसे आहेत. त्यांच्या शेजारी कोऱ्या पट्टीवर ही आत्ता धावेल. दोन पायांतलं अंतर दोरीने मोजू. जुळलं तर ठसे हिचे. नाही जुळलं तर मग बोला.”

“आणि तुमी मोजाल?”

“तुम्हीही मोजा. पण सुरुवातीची पावलं मोजायची नाहीत, ती सगळ्यांचीच आखूड असतात. मधली मोजायची, आणि एक नाही, चार-पाच.”

कृष्णरावांनी ईश्वरकडे पाहिलं. ईश्वर हाच त्यांच्या जोडीचा धुरकरी, पटात छकडा हाकणारा, आणि पहाटेचा साक्षीदारही. त्याने मान डोलावली आणि दोरी आणून दिली. सरिताने सकाळच्या दोन ठशांमध्ये ती ताणली आणि जिथे अंतर संपलं तिथे गाठ मारली. पुढच्या ठशांवर लावून पाहिली. गाठ जवळजवळ तिथल्या तिथे येत होती. शिस्तीत धावलेली पावलं होती ती, भीतभीत असली तरी.

कानाएने खुरपी मागितली. कृष्णरावांच्याच एका गड्याने दिली. तिने रेषेमागे मातीत दोन छोटे खड्डे केले, एक पुढे, एक मागे, आणि पाय त्यात बसतात का ते पुन्हा पुन्हा पाहिलं. पोपटी शूज घातले. त्यांचा तळवा तिने वर करून दाखवला तेव्हा पुढच्या रांगेतली माणसं वाकून पाहू लागली. “हे पाह्य, खिळे,” कोणीतरी म्हणालं. आवाजात निराशा होती. चेटकीण असती तर गोष्ट जास्त दिवस पुरली असती.

मग ती उभी राहिली, दोन्ही हात मांड्यांशी लावले आणि समोरच्या मोकळ्या पट्टीपुढे कमरेतून वाकली.

“हेच,” ईश्वर म्हणाला. “पहाटी हेच केलं होतं.”

“मग चूप बस आता,” धुरपताबाई म्हणाल्या.

धर्मेंद्र बायकोपाशी गेला. तो काय बोलला ते सरिताला ऐकू आलं नाही. कानाएने त्याच्या दंडावर हात ठेवला, काढला, आणि ती खड्ड्यांत पाय रोवून वाकली. परसरामने माईकवरून सवयीने “पट्टी मोकळी करा, पट्टी मोकळी करा” असा पुकारा केला. पलीकडच्या टोकाला केशवराव घडी घेऊन उभे राहिले. झेंडी कृष्णरावांच्या हातात होती.

झेंडी पडली.

सरिताने धावणं आजवर कागदावर पाहिलं होतं: वस्तुमान, बल, त्वरण. ते सगळं खरं होतं आणि तरीही समोर जे घडलं त्याची तयारी त्यातून झाली नव्हती. आधी ती बाई जमिनीतून तिरकी बाहेर आली, मान खाली, जणू अजून उभं राहायचं तिने ठरवलंच नव्हतं. मग हळूहळू सरळ झाली, आणि सरळ झाल्यावर तिचं अंग शांत झालं. खांदे हलत नव्हते. चेहरा हलत नव्हता. फक्त पाय, आणि मातीवर पडणारा टप, टप असा कोरडा आवाज, जो मोजायला सुरुवात करावी तोवर पुढे गेलेला असे. पट्टीच्या मध्यावर, सरिताच्या अगदी समोर, तिच्या डाव्या पायाने जमीन मागे ढकलली, आणि सरिताला वाटलं की आता तो आखडेल. तो आखडला नाही. तणसाच्या भाऱ्यांवरची माणसं एकामागून एक उभी राहत गेली. दावणीला बांधलेल्या बादलने मान वर केली.

ती केशवरावांच्या पुढून गेली, बरीच पुढे गेली, लाखोळीच्या कडेशी थांबली आणि कमरेवर हात ठेवून फिरली.

कोणी टाळी वाजवली नाही. सगळे दोरीकडे पाहत होते.

सरिताने पट्टीच्या मधल्या भागातल्या ताज्या ठशावर दोरीचं टोक धरलं. दुसरं टोक कृष्णरावांनी ओढलं. गाठ पुढच्या ठशाच्या अलीकडेच राहिली. तिने पुढचं पाऊल मोजलं. तिसरं. चौथं.

“जुळत नाही,” सरिता म्हणाली.

पोरांमध्ये आवाज झाला. विमलाबाईने खराटा पुन्हा घट्ट धरला. धर्मेंद्र म्हणाला, “वहिनी,” आणि त्या एका शब्दात विनंती होती, रागही होता. गाठ थोडी सरकवली असती तर कोणाला कळलंही नसतं; हे सरिताच्या मनात आलं आणि तिने ते बाजूला सारलं. आकडे सरकवायचे तर मग साडूंच्या आजीने काय वाईट केलं होतं?

“जुळत नाही,” ती पुन्हा म्हणाली. “दोरी कमी पडते. सगळ्या ठिकाणी. आत्ताची ढांग सकाळपेक्षा मोठी आहे.”

कृष्णराव उकिडवे बसले होते. त्यांनी ताज्या ठशावर तळहात ठेवला, मग सकाळच्या ठशावर. खिळ्यांची नक्षी एकच होती. पण जुने ठसे वरवरचे, नवे खोल. मग ते बैलांशी बोलतात तसे हळू बोलले.

“पहाटी कासरा ओढून पळाली ही.”

“काय?” केशवराव धापा टाकत येऊन पोचले होते.

“पाय हिचेच आहेत. पण पहाटी कासरा ओढलेला होता. सोन्याचा पाय दुखावला होता ना मांगच्या साली, तवा असाच पळे. पाय बरा झाला, पण बैलाले समजतच नव्हतं का बरा झाला म्हणून. सहा महिने आखूड ढांग. एक दिवस आपोआप सोडलं त्यानं.” त्यांनी वर पाहिलं. “आज हिनं सोडलं.”

कानाए चालत परत येत होती. डाव्या टाचेशी वाकून तिने शीर चाचपली, चिमटीत धरून पाहिली, जणू दुसऱ्या कोणाची असावी.

“ताई,” ती म्हणाली, “दुखलं नाही.” आणि थोड्या वेळाने, “ओढलं पण नाही.” मग ती पट्टीच्या मधोमध खाली बसली आणि हसू लागली. तिला हसताना घराने पाहिलं होतं. असं नव्हतं पाहिलं.

मग मात्र टाळ्या झाल्या, शिट्ट्या झाल्या आणि परजिल्ह्यातल्या पाहुण्यांनी पटका उडवला. कृष्णराव उठून झोपडीकडे गेले. विमलाबाईंनी त्यांना बोलू दिलं नाही.

“तुमचा बैल आधीच जरासा लंगडून राहिला होता म्हणून म्हणलं होतं मी, पाय सांभाळजो. तवाच ऐकलं असतं तर सहा महिने वाचले असते.”

“चुकलं माहं,” कृष्णराव म्हणाले. त्यांनी मांडवातली आपली खुर्ची स्वतः उचलून आणली आणि पट्टीच्या कडेला सर्वांत पुढे ठेवली. विमलाबाई त्यावर बसल्या. खराटा मांडीवर घेतला.

“काका, टाइम सांगा,” परसरामचा आवाज भोंग्यातून आला. “पुकारतो.”

केशवरावांनी घडीकडे पाहिलं. घडी चालू होती. त्यांनी ती दाबलीच नव्हती. ज्या अंगठ्यावर अख्ख्या तालुक्याचा विश्वास होता, तो सून समोरून गेली तेव्हा घडीवर नुसताच ठेवलेला राहिला होता. ते लाजले, आणि सरिताने त्यांना लाजताना पहिल्यांदाच पाहिलं.

“बरं झालं, बाबूजी,” ती म्हणाली. “तसाही अंगठ्याने घेतलेला वेळ मी मानत नाही.”

तिने दोरी गुंडाळली आणि कानाएच्या हातात दिली. “जूनमध्ये सोबत ने.”

“तिथे मोजायला यंत्रं आहेत, ताई.”

“असू दे. त्यांच्याकडे पहाटेची ढांग नाही.”

कानाएने दोरी घेतली, गाठ बोटांनी चाचपली, आणि सासूकडे पाहिलं. जूनचा प्रश्न अजून तिथेच उभा होता. धर्मेंद्र मध्ये काही बोलणार होता, पण धुरपताबाईंनी हात वर केला.

“गोधड्या काही विटत नाही,” त्या म्हणाल्या. “पेटीत कापूर टाकून ठेवते. तू जाय. पण या खेपेस पहिली कोण, हे मले विचारावं लागू नये.”

“काका, टाइम नाही तर नाही,” परसराम घाई करत होता. प्रत्येक जोडी मालकाच्या आणि गावाच्या नावाने पुकारायची, हा पटाचा रिवाज. “मालक कोणाले सांगू? केशवराव का धर्मेंद्र?”

केशवरावांनी मुलाकडे पाहिलं. मुलाने आईकडे. धर्मेंद्रला जे उत्तर त्या सकाळी मागच्या खोलीत सापडलं नव्हतं, ते आता सापडल्यासारखं दिसलं.

“मालक नाही,” तो म्हणाला. “तिचंच नाव सांग.”

“ऐका, ऐका,” भोंगा खरखरला. “मालकाविना आलेली, एकटी, कनाबाई. गाव जपान...”

“परसराम,” धुरपताबाईंचा आवाज भोंग्याशिवायच मांडवापर्यंत पोचला. “जपान काहून? मांगच्या तीन पहाटी कोण्या मातीवर पळाली ती?”

भोंगा पुन्हा खरखरला. “दुरुस्ती ऐका. कनाबाई. गाव आसगाव.”

पट्टीवर रोलर फिरला, ठसे गेले, आणि शर्यती ठरल्या वेळेपेक्षा थोड्या उशिराने सुरू झाल्या. सोन्या-बादलचा नंबर आला तेव्हा ईश्वर छकड्यावर चढता चढता थबकला. खाली उतरला. दोन्ही हात मांड्यांशी लावले आणि पट्टीपुढे कमरेतून वाकला. कोणी हसलं नाही. कानाएने मांडवातून परत वाकून त्याला उत्तर दिलं.

मातीपुढे वाकल्याने वेग वाढतो याला, सरिताच्या मते, काडीचा पुरावा नाही. आणि एका धावेवरून काही सिद्ध होत नाही, हे ती दरवर्षी वर्गात शिकवते. सोन्या-बादल त्या दिवशी पहिले आले. या खेपेला केशवरावांनी घडी बरोबर दाबली.